ए बाजू, बी बाजू आणि शाहिराचे नाव



गाणे तेच, गायक तोच, शब्दही तेच. तरी ते गाणे कोणत्या गाण्याच्या मागून लागले यावर त्याचा अर्थ बदलतो. ६ डिसेंबरच्या दुःखाचे गाणे कॅसेटच्या शेवटी असले की कॅसेट संपते तेव्हा घर सुन्न झालेले असते. आई डोळ्याला पदर लावते, पोरे गुपचूप झोपायला जातात. तेच गाणे सगळ्यात पहिले लावून पाहा. मग पुढची अकरा गाणी त्या दुःखाला दिलेले उत्तर होऊन बसतात. एकाही शब्दाला हात न लावता, नुसत्या क्रमाने एवढे घडते.

म्हणून या वेळी आम्ही कुटुंबाच्या पानावर गाण्यांच्या क्रमाविषयी आणि कॅसेटच्या कव्हराविषयी लिहायचे ठरवले. हा विषय कुणाला रिकामटेकडा वाटेल. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीत, ज्या घरात पुस्तकाचे कपाट नव्हते त्या घरात कॅसेटची पेटी होती. वाचता न येणाऱ्या आजीने महाड आणि काळाराम ही नावे त्या पेटीतूनच ऐकली. तेव्हा त्या पेटीत काय, कोणत्या क्रमाने आणि कुणाच्या नावावर भरले होते, हे विचारणे आपलेच काम आहे.

जगात हा छंद जुना आहे

विलायतेत आणि अमेरिकेत रॉक संगीताचे वेड असलेले लोक एक खेळ खेळतात. एखादा जुना, गाजलेला अल्बम घ्यायचा. त्यातली गाणी नव्या क्रमाने लावायची. एखादे गाळायचे, त्याच काळात ध्वनिमुद्रित होऊन बाहेर राहिलेले एखादे आत घ्यायचे, आणि वर नवे मुखपृष्ठ काढायचे. मग मित्रांना ऐकवायचे आणि वाद घालायचा.

‘अल्बम’ हा शब्दच मुळी फोटोच्या अल्बमवरून आला. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटेच मावत. लांब संगीत असले की चार-पाच तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्यात बांधून विकत. वर साधा कागद असे. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने त्यावर चित्र काढायची पद्धत पाडली. १९४८ साली त्याच कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. तेव्हापासून कोणते गाणे आधी, कोणते नंतर, पहिली बाजू कुठे संपवायची, हा विचार सुरू झाला.

बीटल्स या इंग्रजी चौकडीचे नाव आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना ठाऊक असते. त्यांचा ‘लेट इट बी’ हा अल्बम १९७० साली निघाला. त्यात बारा गाणी होती. शेवटचे गाणे होते ‘गेट बॅक’. तेहेतीस वर्षांनी, २००३ साली, तीच ध्वनिमुद्रणे पुन्हा बाहेर काढून नवा अल्बम केला गेला. वरून चढवलेला वाद्यवृंदाचा साज उतरवला. दोन गाणी गाळली, एक बाहेर राहिलेले आत घेतले, अकरा उरली. जे गाणे शेवटी होते ते पहिले आले आणि ज्याच्या नावावर अल्बम होता ते शेवटी गेले. मुखपृष्ठावर फोटोच्या निगेटिव्हसारखे, काळ्याचे पांढरे झालेले चेहरे छापले. ऐकणारे म्हणू लागले, हा तर वेगळाच अल्बम झाला!

याच चौकडीच्या आधीच्या तबकड्या अमेरिकेतल्या कंपनीने सर्रास फोडल्या होत्या. इंग्लंडात चौदा गाण्यांची तबकडी असली की अमेरिकेत अकरा-बाराच द्यायची, उरलेली जमवून आणखी एक तबकडी काढायची. म्हणजे क्रम बदलण्यामागे कधी कला असते, तर कधी निव्वळ गल्ला. हा भेद ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

आपल्याकडे हे आधीच झाले आहे

कुणी म्हणेल, हे गोऱ्यांचे लाड आहेत. तसे नाही. क्रम बदलून अर्थ बदलण्याचे काम आपल्या शाहिरांनी तबकडीची वाट न पाहता केले आहे.

तमाशाचा सांगाडा सगळ्यांना ठाऊक आहे. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग. आधी सत्यशोधक जलशांनी आणि मग १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांच्या आंबेडकरी जलशांनी हाच सांगाडा घेतला, पण आतले सामान बदलले. गणात देवस्तुतीच्या जागी महापुरुषांचे वंदन आले. गवळणीतली छेडछाड गळाली. वगात राजाराणीऐवजी शाळा, पाणवठा, दारू आणि सावकार आले. ज्या ढोलकीवर लोक हसायला जमत, त्याच ढोलकीवर ते विचार करायला बसले. जुन्या अल्बमला नवा क्रम आणि नवे मुखपृष्ठ देणे याहून वेगळे काय असते?

आपल्या झाडीपट्टीतही क्रमाचे भान मोठे आहे. धान कापून झाले की देसाईगंज-वडसाकडच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागतात. रात्रभर चालणाऱ्या नाटकात कोणत्या प्रवेशानंतर गाणे टाकायचे, विनोदी पात्र कधी आत सोडायचे, हे जुन्या मंडळींना बरोबर कळते. पहाटेच्या थंडीत घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक उठून जाऊ नये, हे त्या क्रमावर ठरते. याच झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ही आपल्या गडचिरोली जिल्ह्याला अभिमानाची गोष्ट आहे.

जयंतीच्या मंडपातला दुय्यम कव्वालीचा सामनाही तसाच. गायक आणि गायिका समोरासमोर. सुरुवात वंदनेने, मग बाबासाहेब, मग रमाई, मग एकमेकांना सवाल. पण तिथे क्रम श्रोते ठरवत. चिठ्ठ्या येत, फर्माइशी होत, दहा-वीस रुपयांचे बक्षीस येई आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. लोकांच्या हातातला हा क्रम पुढे कॅसेटने आपल्या हातात घेतला.

साठ मिनिटांचे गणित

फिलिप्स कंपनीने १९६३ साली छोटी कॅसेट आणली. आपल्याकडे ती घरोघर पोहोचली ती १९८० नंतर. त्याआधी तबकडीच्या धंद्यावर एचएमव्हीचा मोठा पगडा होता आणि तबकडी वाजवायचे यंत्र कामगाराच्या घरात येणे दूरच. १९८३ साली टी-सीरीज निघाली, इतरही कंपन्या आल्या, कॅसेट स्वस्त झाली. १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन आला की भीमगीतांच्या नव्या कॅसेटचा ढीग लागू लागला. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला जो सोहळा भरतो, तिथे पुस्तकांच्या दुकानांशेजारी कॅसेटची दुकाने लागत. दोन कर्ण्यांवर दोन वेगळी गाणी, आणि मधून माणसांचा पूर. ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल.

आता गणित पाहा. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. पाच मिनिटांचे एक गाणे धरले तर सहा गाणी. दोन गाण्यांच्या मधे चार सेकंद सोडले तर पाच फटींचे वीस सेकंद. रिळाच्या सुरुवातीला काही सेकंद अशी पट्टी असते की तिच्यावर आवाज उमटतच नाही. म्हणजे सहावे गाणे मावते-न-मावते असे होते. कव्वालीच्या ढंगाचे आठ मिनिटांचे गाणे आले की सगळे बिघडले.

मग कंपनी काय करी? जे गाणे धंदा करील ते ए बाजूला पहिले. दुकानदार तेच वाजवून दाखवणार. दुसऱ्या नंबरचे गाणे बी बाजूला पहिले. बाकीची जिथे मावतील तिथे. रमाईचे गाणे बहुतेक वेळा बी बाजूच्या मधे कुठेतरी सापडे. ते का तिथे, याचा विचार कुणी केलेला नसे. गिऱ्हाईक आणि मिनिटे यांनी जो क्रम लावला तोच आपण तीस-तीस वर्षे ऐकला आणि पाठ केला. एक गाणे संपले की पुढच्याचा पहिला सूर आपोआप ओठावर यावा, इतका तो अंगात मुरला.

शिवाय कॅसेट भरून देणारी दुकाने होती. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी न्यायची आणि कोरी कॅसेट द्यायची. दोन दिवसांनी ती भरून मिळे. घरी डबल डेक असलेला एखादा मामा किंवा मोठा भाऊ हेच काम फुकट करी. लग्नाची एक कॅसेट, जयंतीच्या मिरवणुकीची एक, आजी एकटीच दुपारी तांदूळ निवडताना ऐकते ती एक. म्हणजे नव्या क्रमाचे अल्बम आपल्या वस्त्यांत केव्हाच निघत होते. वेकोलिच्या खाणीजवळच्या वसाहतीत निघाले, बल्लारपूरच्या पेपर मिलच्या चाळींत निघाले आणि रोवणीहून दमून आलेल्यांच्या गावातही निघाले. फक्त त्याला कुणी छंद म्हटले नाही.

शेवटचे कडवे कुठे गेले?

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली ती सांगतो.

आपल्या शाहिरी परंपरेत कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. संतांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ येते तसे. लोककवी वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गीतांत शेवटी ‘वामन’ येतो. ती त्यांची सही. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी गावी १५ ऑगस्ट १९२२ ला जन्मलेला हा माणूस. शाळेचे तोंड पाहिले नाही, मुंबईच्या गिरणीत राबला, मोठेपणी अक्षरे शिकला आणि हजारो गाणी लिहून १५ मे २००४ ला गेला. जमीनजुमला नाही, बंगला नाही. मिळकत एकच, शेवटच्या कडव्यातले ते तीन अक्षरी नाव.

आणि कॅसेटवर नेमके शेवटचेच कडवे कापले जाते! बाजू संपत आली, गाणे मावेना, की आवाज हळूहळू बारीक करून बंद. चार कडव्यांचे गाणे तीन कडव्यांचे झाले. भरून देणाऱ्या दुकानात तर रीळ संपले की खटका पडे आणि गाणे अर्ध्या ओळीत तुटे. ऐकणाऱ्याचे काही बिघडत नाही, ध्रुपद तर पाठ असते. पण शाहिराची सही गेली.

बरे, आतून सही गेली तरी कव्हरावर नाव असावे ना? कॅसेटचे कव्हर साधारण दहा सेंटिमीटर उंच आणि साडेसहा सेंटिमीटर रुंद. त्यात निळ्या कोटातले बाबासाहेब, मागे तथागत, वर उगवता सूर्य. खाली गायकाचा फोटो, कधीकधी बाबासाहेबांच्या बरोबरीचा. मग कंपनीचे चिन्ह. मग गाण्यांची यादी. गीतकाराचे नाव आतल्या घडीवर मुंगीएवढ्या अक्षरात सापडले तर नशीब. भरून घेतलेल्या कॅसेटवर तर नुसते ‘भीमगीते, भाग ३’ असे बॉलपेनने लिहिलेले.

गायकांचे मोठेपण आम्ही कमी लेखत नाही. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज म्हणजे भाकरीसारखा रोजचा आणि तितकाच पोटभरीचा. वामनदादा गेले त्याच्या सव्वा महिन्यात, २३ जून २००४ ला प्रल्हाददादाही गेले. विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच कोसळले. या लोकांनी गळा झिजवला म्हणून शब्द आपल्यापर्यंत आले. पण गळा ज्याचा त्याचे नाव आणि शब्द ज्याचे त्याचे नाव, दोन्ही राहिली पाहिजेत. ज्या समाजाची नावे हजारो वर्षे कुणी लिहून ठेवली नाहीत, त्या समाजानेच आपल्या कवीचे नाव सांडू द्यावे काय?

पुढे एमपीथ्री सीडी आली. एका सीडीवर शंभर-दीडशे गाणी, गीतकार शून्य. मग मोबाइलचे मेमरी कार्ड. ‘ट्रॅक ०७’ एवढेच नाव. आज फोनवर गाणे संपले की पुढचे गाणे यंत्रच ठरवते. रमाईच्या गाण्यामागून भलतीच जाहिरात ओरडते. क्रम गेला, कव्हर गेले, नाव तर आधीच गेले होते.

कायदा मात्र शाहिराच्या बाजूने आहे, हे ठाऊक असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम सांगते की हक्क विकले तरी ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा कवीचा अधिकार शिल्लक राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराला आणि संगीतकाराला गाण्याच्या मोबदल्यातला वाटा कुणी लिहून घेऊन काढून घेऊ नये, अशी तरतूद केली. कवी गेल्यावर ६० वर्षे त्याच्या शब्दांवरचा हक्क वारसांकडे असतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. तेव्हा घरात ऐकायला क्रम लावा, पण ते विकू नका. आणि पुढे पाठवाल तर नावासह पाठवा.

आम्ही लावलेला क्रम

आता नुसती तक्रार करून थांबू नये म्हणून आम्ही एक क्रम सुचवतो. बारा गाणी, दोन बाजू. गाण्यांची नावे मुद्दाम देत नाही, विषय देतो. त्या विषयाचे जे गाणे तुमच्या पेटीत असेल ते घ्या.

ए बाजू. पहिले, ६ डिसेंबर १९५६ च्या शोकाचे. होय, पहिलेच. दुसरे, १४ एप्रिल १८९१, महूच्या छावणीतला जन्म. तिसरे, २० मार्च १९२७, महाडचे पाणी. चौथे, २५ डिसेंबर १९२७, मनुस्मृतीचे दहन. पाचवे, २ मार्च १९३०, काळारामाचे बंद दार. सहावे, रमाई. तिचे कष्ट, तिची वाट पाहणे आणि २७ मे १९३५ ला तिचे जाणे. इथे बाजू संपू द्या. दोन क्षण काहीच वाजू देऊ नका.

बी बाजू. पहिले, १३ ऑक्टोबर १९३५, येवल्याची घोषणा.

इथे थांबून ऐका. रमाई मे महिन्यात गेली आणि येवल्याची घोषणा ऑक्टोबरात झाली. मधे साडेचार महिने. ज्या माउलीने सगळे सोसले तिला ‘मी हिंदू म्हणून मरणार नाही’ हा निर्धार ऐकायला मिळाला नाही. रमाईचे गाणे बी बाजूच्या मधे कुठेतरी टाकले की हे कळत नाही. ए बाजूच्या शेवटी तिला ठेवले आणि कॅसेट उलटून येवले लावले, की कुणी न सांगता कळते. कॅसेट उलटणारा हातच तो फरक सांगतो. क्रमाची ताकद म्हणतात ती ही.

पुढे बी बाजूचे दुसरे, २६ नोव्हेंबर १९४९, संविधान. तिसरे, तथागताच्या करुणेचे एखादे शांत गीत, कारण एवढ्या संघर्षानंतर श्रोत्याला श्वास घ्यायला जागा हवी. चौथे, १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. पाचवे, १६ ऑक्टोबर १९५६, आपले चंद्रपूर.

हे पाचवे गाणे तुम्हाला चटकन सापडणार नाही. नागपूरवर गाणी ढीगभर आहेत. पण नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब चंद्रपूरला आले, बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्यासारख्या इथल्या कार्यकर्त्यांनी खपून सोहळा उभा केला आणि झाडीतल्या माणसांनी त्यांच्या साक्षीने धम्म घेतला, यावरची गाणी आमच्या पेट्यांत फार थोडी निघाली. तुमच्या वस्तीतल्या गायन पार्टीला विचारा. नसेल तर लिहायला सांगा. कन्हाळगाव असो की कुरखेडा, कुठल्याही गावचा पोरगा किंवा पोरगी हे लिहू शकते. आणि लिहिल्यावर शेवटच्या कडव्यात आपले नाव घाला, लाजू नका!

बारावे गाणे आम्ही रिकामे ठेवतो. तिथे गाणे नको. १६ ऑक्टोबर १९५६ ला जे मूल दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या आसपास आहे. तुमच्या घरात, नाही तर शेजारी, असे कुणी असेल. ती आजी त्या दिवशी कोणत्या गावाहून निघाली, बैलगाडीने की पायी, पांढरे लुगडे कुणाकडून मागून आणले, शिदोरी काय होती, गर्दीत काय दिसले आणि काय दिसले नाही. तिच्या आवाजात पाच मिनिटे भरून घ्या. फोन समोर ठेवला की झाले. मधे बोलू नका, तिला तारखा विचारून घाबरवू नका. आधी गावाचे आणि तिचे नाव तिच्याच तोंडून येऊ द्या. ती सही समजा. ही गाणी पुन्हा कुठेतरी मिळतील, पण तो आवाज मिळणार नाही. पुढच्या वर्षी करू म्हणून ज्यांनी ठेवले त्यांच्या घरात आज फक्त फोटोला हार आहे.

कुणी वडीलधारे म्हणतील, कलावंताने लावलेला क्रम आपण का मोडावा? प्रश्न रास्त आहे. जिथे शाहिराने स्वतः एकसलग चरित्र रचले आहे, पोवाडा असो की गाथा, तिथे हात लावू नये. ते एकच गाणे समजावे. पण जिथे क्रम मिनिटांनी आणि गल्ल्याने लावला, तिथे तो मोडून अर्थाने लावण्यात अनादर नाही. अट एकच. गाण्याचे शेवटचे कडवे कापायचे नाही. जागा कमी पडली तर एक अख्खे गाणे वगळा, पण दहा गाण्यांच्या सह्या पुसू नका.

कव्हर मुलांना काढू द्या

नवा क्रम म्हटले की नवे कव्हर आलेच. हे काम घरातल्या मुलांकडे द्या. चित्रकलेच्या वहीचा जाड कागद पुरे. बाबासाहेबांचा फोटो सगळ्यांकडे असतो. या वेळी त्यांनी ज्यांच्यासाठी झुंज दिली त्या आपल्या माणसांना समोर आणा. उन्हात बसून तेंदूपत्त्याचे पुडके बांधणारी आई. पुडक्यात सत्तर पाने मोजता मोजता तिची बोटे काळी पडतात, ती बोटे काढा. चिखलाच्या बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बायांची रांग काढा. खाणीतून वर आलेल्या बापाचा कोळशाने माखलेला चेहरा आणि त्याच्या हातात मुलीचे दप्तर काढा. भद्रावतीच्या विजासनची बुद्धलेणी आपल्या जिल्ह्यात आहेत, ती काढा.

मागच्या बाजूला क्रमवार यादी करा आणि प्रत्येक गाण्यापुढे आधी गीतकार, मग गायक, मग संगीतकार लिहा. नाव ठाऊक नसेल तर ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होऊ नका. जागा कोरी सोडा. दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल तर तो भरील. फोनवर यादी करणाऱ्या मुलांनी त्या कव्हराचा फोटो काढून यादीच्या माथ्यावर लावावा. आता तीच आपली नवी कॅसेट.

पेटी उघडण्याआधी

माळ्यावरची पेटी उतरवाल तेव्हा घाई करू नका. आधी प्रत्येक कॅसेटच्या कव्हराचा, आतल्या घडीसकट, फोटो काढा. गीतकाराचे नाव असलेच तर तिथेच आहे. रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नका, यंत्रही खराब होते. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे खटके असतात. ते मोडून टाका, म्हणजे चुकून वरून दुसरे काही भरले जाणार नाही. बरीच वर्षे पडून असलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, मग वाजवा. आवाज घुसमटलेला येत असेल तर टेपचे हेड कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून हलकेच पुसा. मधला छोटा स्पंजाचा तुकडा गळून पडला असेल तर रीळ फेकू नका. पाच स्क्रू असलेली दुसरी कॅसेट उघडून तिच्या खोक्यात हे रीळ बसवता येते. वस्तीत जुना रेडिओ दुरुस्त करणारा कुणी असेल तर त्याच्या हाताला धरून मुलांना हे शिकवा. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर घालून संगणकात गाणे उतरवता येते. उतरवताना गाणे संपेपर्यंत थांबा. शेवटच्या कडव्यापर्यंत थांबा.

आणि उतरवलेल्या गाण्याला ‘ट्रॅक ०७’ म्हणून ठेवू नका. गाण्याचा मुखडा, गीतकार, गायक, वर्ष ठाऊक असेल तर वर्ष. चार शब्द लिहायला अर्धे मिनिट लागते. वामनदादांना मोठेपणी अक्षरे शिकायला किती कष्ट पडले असतील, ते आठवा आणि लिहा.

या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आत प्रत्येक घराने एक क्रम लावावा. आमच्याहून वेगळा असला तर फारच चांगले. वर्षावासात विहारात जमाल तेव्हा एकमेकांना ऐकवा, वाद घाला, रमाई आधी हवी की महाड आधी यावर भांडा. पण ज्यांचे शब्द आहेत त्यांची नावे घेऊन भांडा. आणि तुमच्या बाराव्या जागेवर कुणाचा आवाज आला, ते आम्हाला पोस्टकार्डाने जरूर कळवा.

जयभीम! नमो बुद्धाय!